टेस्ट बटण दाबलं की एक्झिट साइन लागतो, पण वीज गेल्यावर वीस मिनिटांत विझतो. बटण नेमकं तपासतं काय?

इमारत_देखभाल

चार मजल्यांची कार्यालयीन इमारत, एकूण ३८ एक्झिट साइन. सगळे एलईडीचे, बॅटरी आतच बसवलेली, मेन्सवर (मुख्य वीजपुरवठ्यावर) कायम उजळलेले राहणारे. आत निकेल-कॅडमियमचा तीन सेलचा पॅक आहे, ३.६ व्होल्ट, १.५ ॲम्पिअर-अवर. लेबलवर बॅकअप ९० मिनिटं. खालच्या कडेला टेस्टचं छोटं बटण आणि त्याच्या शेजारी हिरवा दिवा.

दर महिन्याला सगळ्या साइनची बटणं दाबून बघितली जातात. नोंदवहीत गेलं वर्षभर प्रत्येक रकान्यात 'ठीक' आहे. मागच्या आठवड्यात वीज ४० मिनिटं गेली, तेव्हा ९ साइन पहिल्या वीस मिनिटांतच विझले. त्यातले ५ दुसऱ्या मजल्याच्या एकाच कॉरिडॉरमधले, बाकीचे चार इकडेतिकडे. वीज आल्यावर लगेच बटण दाबलं तर ते नऊही लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी दाबलं, तर सगळे व्यवस्थित लागले.

विचारायचं ते असं. बटणाच्या चाचणीत हे का सापडलं नाही? बॅटऱ्या बदलायच्या की चार्जर बिघडलाय? वर्षातून एकदा दीड तासाची चाचणी करायची म्हणतात, ती बटण दीड तास दाबून धरून करायची का? आणि बदलायच्याच असतील तर लिथियमच्या टाकाव्यात का?

---

सेल_आणि_भार

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं.

ते बटण म्हणजे स्प्रिंगचा एक साधा स्विच. एरवी त्याचा संपर्क जुळलेला असतो, दाबला की तुटतो. त्यातून चार्जरचा पुरवठा जातो, किंवा 'मेन्स आहे' हे सर्किटला सांगणारी तार जाते. दाबलं की सर्किटला वाटतं वीज गेली, आणि रिले किंवा ट्रान्झिस्टर एलईडीला बॅटरीवर टाकतो. म्हणजे बटण एवढंच सांगतं की बदली होते, एलईडी चालू आहेत आणि बॅटरीत काहीतरी आहे. 'काहीतरी' म्हणजे किती, ते सांगत नाही.

हिशोब करून बघा. समजा एलईडी २ वॅटचे आहेत. मधल्या सर्किटची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीवर भार २.५ वॅट येतो, म्हणजे ३.६ व्होल्टला साधारण ०.७ ॲम्पिअर. पॅकमध्ये ३.६ गुणिले १.५, म्हणजे ५.४ वॅट-अवर ऊर्जा. नवा पॅक सव्वादोन तासांच्या आतबाहेर चालेल. क्षमता ७० टक्क्यांवर आली की दीड तास. लेबलवरचे ९० मिनिट त्यामुळेच नव्या पॅकला सोपे जातात आणि जुन्याला काठावर.

आता बटण ३० सेकंद दाबलं तर किती ऊर्जा खर्च होते? सुमारे ०.०२ वॅट-अवर. पूर्ण भरलेल्या पॅकच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ज्या पॅकची क्षमता दहा टक्क्यांवर आली आहे तोसुद्धा ३० सेकंद हसत काढतो.

त्यातून निकेल-कॅडमियमचा स्वभाव असा की व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं. भार टाकल्यावर तीन सेलचा पॅक ३.८-३.९ वरून लवकर ३.६-३.७ वर येतो आणि बराच वेळ तिथेच बसतो. मग ३.३ च्या खाली गेला की काही मिनिटांत ३.० वर कोसळतो. प्रत्येक सेल १ व्होल्टला आला की तो रिकामा समजायचा. म्हणून ३० व्या सेकंदाला मल्टीमीटर लावून ३.७ दिसले तरी त्यावरून आत किती शिल्लक आहे हे कळत नाही. लेड-ॲसिडच्या पॅकमध्ये व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, तिथे निदान थोडा अंदाज येतो. इथे तोही नाही.

तुमचे साइन वीस मिनिटांत विझले, म्हणजे ०.७ ॲम्पिअरने त्यातून ०.२३ ॲम्पिअर-अवर निघाले. छापील क्षमतेच्या साधारण १५ टक्के. हे पॅक एकतर मेलेत, नाहीतर पुरते भरतच नाहीत. वीज आल्यावर लगेच बटण चाललं नाही यात वेगळा दोष नाही. रिकाम्या पॅकला कट-ऑफ सर्किट भाराला जोडतच नाही, ते तसंच असायला हवं. दुसऱ्या दिवशी लागले कारण रात्रभर थोडं भरलं.

हिरव्या दिव्यावरही भिस्त ठेवू नका. काही डिझाइनमध्ये तो चार्जिंगचा प्रवाह बघून लागतो, काहींमध्ये नुसता मेन्स आला की लागतो. एका साइनचा पॅक सोडवून बघा. दिवा तरीही हिरवाच राहिला, तर तो बॅटरीबद्दल काहीच सांगत नाही.

---

फेज_न्यूट्रल

नऊपैकी पाच एकाच कॉरिडॉरमध्ये आहेत. पाच पॅक शेजारीशेजारी एकदम मरत नाहीत. आधी वायरिंग बघा, बॅटऱ्यांना नंतर हात लावा.

बहुतेक साइनच्या टर्मिनलवर दोन फेज असतात. एक न तुटणारा, जो चार्जरला जातो. दुसरा स्विचमधून आलेला, जो मेन्सवर दिवा लावण्यासाठी. साइन कायम उजळलेला ठेवायचा असेल तर दोन्ही टर्मिनलमध्ये जंपर (छोटी जोडतार) टाकतात आणि न तुटणारा फेज जोडतात. चूक इथे होते. वायरमन कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटच्या पॉइंटवरून फेज उचलतो, आणि तो आधीच स्विचमधून किंवा टाइमरमधून आलेला असतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळी कॉरिडॉरचे दिवे स्विचने किंवा टाइमरने बंद करा आणि साइनकडे बघा. हिरवा दिवा गेला आणि साइन तरी उजळलेलाच आहे, म्हणजे तो बॅटरीवर गेला. तुमचा चार्जर रोज रात्री बंद होतोय.

त्याचे परिणाम मोजून दाखवतो. दिवे रात्री १२ तास बंद राहत असतील तर पॅक रोज कट-ऑफपर्यंत रिकामा होतो आणि दिवसा त्याला भरायला फक्त १२ तास मिळतात. चार्जर साधारण ९० मिलीॲम्पिअर देतो. २४ तासांत २१६० मिलीॲम्पिअर-अवर होतात, आणि १५०० चा पॅक भरायला जवळपास १.४ पट, म्हणजे २१०० घालावेच लागतात. अंदाज नेमका २४ तासांचा बांधलेला असतो. १२ तासांत पडतात १०८०, त्यातले उपयोगी ७७० च्या आसपास. म्हणजे रोज निम्माच भरलेला पॅक. वर रोज भरण्या-रिकामं होण्याची एक पूर्ण फेरी. सतत चार्जवर राहून वर्षातून काहीच वेळा रिकामं व्हायचं, असं ज्या पॅकचं काम, त्याच्या वर्षाला ३६५ फेऱ्या होतात. प्रत्येक वेळी तळाशी जाताना तीनपैकी सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले दोन त्याला उलटा भरतात. असा सेल फार दिवस टिकत नाही.

महिन्याची चाचणी दुपारी होते, तेव्हा पॅक थोडाफार भरलेला असतो आणि बटण बिनदिक्कत पास होतं. रात्री इमारत रिकामी, त्यामुळे विझलेला साइन कुणाला दिसत नाही.

दुरुस्ती: साइनचा फेज त्याच भागाच्या प्रकाशाच्या सर्किटवरून घ्या, पण स्विच आणि टाइमरच्या आधी. 'मग साइनसाठी वेगळीच लाइन टाकू' असं बऱ्याचदा सुचवलं जातं. ते टाळा. कॉरिडॉरच्या दिव्यांचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) ट्रिप झाला तर वेगळ्या लाइनवरच्या उपकरणाला ते कळतच नाही. नुसता साइन असेल तर तो मेन्सवर उजळलेला राहील, पण ज्या साइनला खाली आपत्कालीन दिव्याची जोडी आहे तिथे ते दिवे बंदच राहतील आणि माणसं अंधारात उभी राहतील. प्रकाश गेला की त्याच भागातलं आपत्कालीन उपकरण जागं झालं पाहिजे, म्हणून सर्किट तेच हवं.

वायरिंग बदलेपर्यंत कॉरिडॉरचा टाइमर बायपास करून दिवे रात्रंदिवस चालू ठेवा. बिल थोडं वाढेल, पण चार्जर चालू राहील.

आणि वायरिंगचं काम झाल्यावर कुणी इन्सुलेशन टेस्टर काढला तर साइन सोडवल्याशिवाय फेज आणि न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्ट लावू देऊ नका. आतला चार्जर त्यात जातो. फेज-न्यूट्रल एकत्र बांधून अर्थिंगशी मोजायचं, आणि पॅक सोडवून ठेवायचा.

---

तपासणी_वही

दीड तासाच्या चाचणीबद्दल. बटण दाबून धरायचे नाही, आणि चिकटपट्टी लावून तर मुळीच नाही. पट्टी काढायला विसरल्यावर साइन कायम बॅटरीवर राहतो आणि दोन तासांत निकामी होतो.  शिवाय काही साइनमध्ये बटण फक्त मेन्सची जाणीव देणारी तार तोडते, चार्जर चालूच राहतो. अशा साइनवर बटणाने केलेली लांब चाचणी खोटी वेळ दाखवते. पूर्ण चाचणी नेहमी त्या सर्किटचा एमसीबी बंद करूनच करावी. खरी वीज जाते तेव्हा जे घडते तेच घडू द्यावे.

किती वेळाने करायची याबाबत दोन प्रचलित पद्धती आहेत. अमेरिकी अग्निसुरक्षा संहिता एनएफपीए १०१ नुसार महिन्याला किमान ३० सेकंद आणि वर्षातून एकदा ९० मिनिटे. दोन मासिक चाचण्यांमध्ये तीन आठवड्यांपेक्षा कमी आणि पाच आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. युरोपातील ईएन ५०१७२ या मानकानुसार महिन्याला छोटी चाचणी आणि वर्षातून एकदा लेबलवर लिहिलेल्या पूर्ण वेळेची. तिथे ती वेळ १ तास किंवा ३ तास असू शकते. तुमच्या लेबलवर ९० मिनिटे आहे, तर ९० मिनिटे. दोन्हीकडे लेखी नोंद लागते.

करण्याचा क्रम:

१. सगळे ३८ एकदम रिकामे करू नका. चाचणीनंतर २४ तास त्या साइनवर भरवसा ठेवता येत नाही. शक्य तिथे एकाआड एक साइन घ्या, उरलेले निदान दोन दिवसांनी. एका सर्किटवर सगळेच असतील तर एका वेळी एकच मजला, आणि इमारत रिकामी असेल अशी वेळ.

२. आधीचे २४ तास पुरवठा अखंड होता याची खात्री करा. काल वीज गेली असेल तर आज चाचणी नको.

३. एमसीबी बंद केल्याची वेळ लिहा. पहिल्या मिनिटाला सगळीकडे फिरून या, मग १५, ३०, ६० आणि ९० मिनिटांना. जो विझला त्याची वेळ लिहा, नुसते 'नापास' नको. १२ मिनिटांत विझलेला आणि ८२ मिनिटांत विझलेला यांची दुरुस्ती वेगळी असते.

४. ९० व्या मिनिटाला, एमसीबी चालू करण्यापूर्वी, काही साइनचे व्होल्टेज भारावर मोजा. यूएल ९२४ या अमेरिकी मानकात ९० मिनिटांनंतर बॅटरीचे व्होल्टेज मूळच्या ८७.५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी अट आहे. ३.६ च्या पॅकसाठी ३.१५ व्होल्ट, ६ व्होल्टच्या लेड-ॲसिडसाठी ५.२५.

५. पुरवठा चालू केल्यावर प्रत्येक साइनचा हिरवा दिवा परत लागला का ते बघा. चाचणीत न बिघडलेला चार्जरचा फ्यूज पुरवठा परत येताना उडू शकतो.

नोंदवहीत 'ठीक' हा शब्द बंद करा. एक ओळ अशी दिसायला हवी: 'म२-०७, ९० मि. पूर्ण, शेवटी ३.४१ व्हो., पॅक बसवून २ वर्षे ५ महिने'. पुढच्या वर्षी त्याच साइनला ३.२२ आले तर तो त्यानंतरच्या चाचणीत पडणार हे आधीच कळते. यासाठी प्रत्येक साइनला क्रमांक हवा आणि पॅकवर बसवल्याचा महिना-वर्ष न पुसणाऱ्या पेनने लिहिलेले हवे.

मासिक फेरीत बटण दाबतानाच आणखी तीन गोष्टी बघाव्यात. बटण सोडल्यावर ते परत बाहेर येते का? भिंत रंगवताना त्याच्या कडेला रंग बसतो आणि ते आतच अडकते. साइन कायम आपत्कालीन अवस्थेत राहतो. दुसरे, बाण खरोखर उघडणाऱ्या दाराकडे आहे का. आतले पार्टिशन हलते, साइन तिथेच राहतो. तिसरे, समोर काही टांगलेले आहे का. आतून उजळणाऱ्या साइनसाठी ईएन १८३८ या युरोपीय मानकात चिन्हाच्या उंचीच्या २०० पट अंतर धरतात, म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीचे चिन्ह ३० मीटरवरून. बाहेरून प्रकाश पडणाऱ्या पाटीसाठी हेच १०० पट. तेवढ्या अंतरावर उभे राहून बघा, शिडीवर चढून नव्हे.

---

इमारत_देखभाल

सगळं करून बघितलं.

कॉरिडॉरच्या पाचही साइनबाबत फेज_न्यूट्रल यांचं निदान बरोबर निघालं. टाइमर बंद झाला की हिरवा दिवा जातो. टाइमर सध्या बायपास केलाय.

उरलेल्या चारपैकी दोघांचे पॅक २४ तास चार्ज होऊनही सोडवून मोजले तर २.५ आणि २.६ व्होल्टच दाखवतात. तिसऱ्याच्या कनेक्टरवर पांढरी पूड आणि हिरवट डाग आहेत. चौथ्याचा पॅक ३.७ दाखवतो, म्हणजे ठीक वाटतो, पण एमसीबी पाडला की सहा मिनिटांत विझतो. याचा चार्जर कसा तपासू? आणि लिथियमचं राहिलं.

---

सेल_आणि_भार

आधी सुरक्षिततेचं. या आकाराच्या बऱ्याच साइनमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटरने व्होल्टेज उतरवलेलं असतं आणि चार्जर मेन्सपासून वेगळा केलेला नसतो. अशा वेळी ३.६ व्होल्टच्या पॅकची टोकं जमिनीच्या मानाने मेन्सच्या व्होल्टेजवर असू शकतात. 'साडेतीन व्होल्ट तर आहेत' म्हणून मेन्स चालू असताना पॅकला बोट लावू नका. जोडणी-सोडणी एमसीबी बंद करून, आणि बंद केल्यावर कपॅसिटर उतरायला मिनिटभर थांबून.

२.५-२.६ दाखवणारे दोन पॅक: एक सेल आतून शॉर्ट आहे. चांगला तीन सेलचा पॅक चार्ज होत असताना ४.२ च्या जवळपास दाखवतो आणि सोडवून ठेवला की ३.९ वगैरेवर येतो. दोनच सेल जिवंत असतील तर त्यांचे मिळून २.६. निकेल-कॅडमियममध्ये वर्षानुवर्षं चार्जवर राहिल्यावर कॅडमियमच्या सुया वाढतात आणि दोन पट्ट्यांमधला पडदा भेदतात, हा त्याचा नेहमीचा शेवट. जोरदार प्रवाह देऊन ती सुई जाळण्याची युक्ती सांगणारे भेटतील. एक्झिट साइनमध्ये ती वापरू नका, काही दिवसांत सेल पुन्हा शॉर्ट होतो. एकच सेल बदलूनही भागत नाही. जुन्या दोनांबरोबर नवा सेल बसवला की रिकामं होताना जुने उलटे भरले जातात. पूर्ण पॅक बदला.

पांढरी पूड म्हणजे गळालेला अल्कली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून झालेलं पोटॅशियम कार्बोनेट. हिरवट-निळं ते तांब्याचं गंजणं. हातमोजे आणि चष्मा घाला, कोरड्या ब्रशने पूड काढा, पांढऱ्या व्हिनेगरचा ओलसर बोळा फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. त्यानंतर तार एक सेंटीमीटर सोलून आतले धागे बघा. चकचकीत लालसर असतील तर कनेक्टर बदलून चालेल. काळपट असतील तर अल्कली इन्सुलेशनच्या आतून वर चढलाय. काळं संपेपर्यंत तार कापावी लागेल, बऱ्याचदा पार बोर्डापर्यंत. अशा तारेवर सोल्डर धरत नाही आणि भार टाकला की व्होल्टेज तिथेच पडतं. बटणाच्या चाचणीत एलईडी किंचित मंद दिसत होते का आठवून बघा.

चौथा सर्वांत फसवा. ३.७ दिसतात कारण सपाट व्होल्टेज, हे वर लिहिलंच आहे. तो भरत नाही की भरलेलं धरत नाही, एवढंच ठरवायचंय. एमसीबी बंद करून पॅकच्या धन तारेत मल्टीमीटर मिलीॲम्पिअरवर ओळीत जोडा, मग मेन्स चालू करा. ८० ते १०० दिसले तर चार्जर ठीक आहे, पॅक गेला. शून्य दिसलं तर चार्जरच्या वाटेतला डायोड, फ्यूज किंवा प्रवाह मर्यादित करणारा रोधक उघडा झालाय, म्हणजे आतून तुटलाय. काही साइनमध्ये दोन पायऱ्यांचं चार्जिंग असतं, पॅक भरल्यावर प्रवाह १०-१५ वर येतो, म्हणून हे मोजमाप विझलेल्या, रिकाम्या पॅकवरच करा. मीटर ओळीत असताना टेस्ट बटण मात्र दाबू नका. त्या क्षणी ०.७ ॲम्पिअर वाहतात आणि मीटरच्या मिलीॲम्पिअर रेंजचा फ्यूज बहुधा त्याहून लहान असतो. भाराचा प्रवाह बघायचाच असेल तर १० ॲम्पिअरचं छिद्र वापरा.

प्रवाह ठीक आणि पॅकही नवा, तरी असं होत असेल तर तापमान बघा. साइन एखाद्या गरम दिव्याच्या वर किंवा उन्हाच्या काचेजवळ असेल तर साधा सेल गरम अवस्थेत चार्ज घेतच नाही, प्रवाह नुसता उष्णतेत जातो.

लिथियमबद्दल: या साइनमध्ये नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा, त्याला ३.६५ च्या वर न्यायचं नसतं. तुमचा चार्जर मात्र ठरावीक प्रवाह अखंड देत राहतो, व्होल्टेज बघत नाही, आणि ४.२-४.३ पर्यंत जातो. निकेल-कॅडमियम हा जादाचा प्रवाह उष्णतेत जिरवतो, लिथियम जिरवू शकत नाही. बाहेर पडायच्या वाटेवर आगीचं कारण आपणच टांगल्यासारखं होईल. निकेल-मेटल-हायड्राइडही आकाराने आणि व्होल्टेजने जुळतो, पण त्याला असं कायमचं जादा चार्जिंग आणि उष्णता सोसत नाही. निर्मात्याने त्या मॉडेलसाठी लिहून दिलं असेल तरच. लिथियम हवंच असेल तर मुळात लिथियमसाठी बनवलेला पूर्ण साइन घ्या.

नवा पॅक घेताना तेच व्होल्टेज, तेच ॲम्पिअर-अवर आणि उच्च तापमानाला सतत चार्जवर चालणारा सेल मागा. खेळण्यांसाठीचे साधे सेल आकाराने हुबेहूब असतात. 'जास्त क्षमतेचा टाकू' हाही मोह आवरा: २.५ ॲम्पिअर-अवरच्या पॅकला याच ९० मिलीॲम्पिअरने भरायला जवळपास ३९ तास लागतील, आणि साइनची मंजुरी मूळ पॅकसकट असते. कनेक्टर जोडण्यापूर्वी लाल-काळं जुन्याशी ताडून बघा. दोन पिनांचे कनेक्टर सारखेच दिसतात, आतली दिशा उलटी असू शकते.

जुन्या पॅकमध्ये कॅडमियम आहे, ते विषारी. टोकांना टेप लावून धोकादायक कचऱ्यात वेगळं द्या.

---

कंट्रोल_पॅनेल

३८ साइन आणि दरमहा शिडी असं गणित असेल तर पुढच्या बदलात स्वतः चाचणी करणारे साइन घ्या. आतला मायक्रोकंट्रोलर महिन्याला छोटी आणि वर्षाला पूर्ण चाचणी स्वतः करतो आणि निकाल दिव्याच्या रंगाने किंवा लुकलुकण्याने सांगतो. या यंत्रणेसाठी आयईसी ६२०३४ हे मानक आहे. शेजारशेजारचे साइन एकाच दिवशी रिकामे होऊ नयेत म्हणून चाचणीचे दिवस विस्कटून ठेवायची सोय असते, ती आहे का ते विकत घेण्यापूर्वी विचारा.

रंगांचा अर्थ निर्मात्यागणिक बदलतो. एकाकडे लाल लुकलुकणं म्हणजे बॅटरी, दुसऱ्याकडे एलईडी. त्या मॉडेलचा तक्ता नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. पॅक बदलल्यावर जुना दोष आपोआप पुसला जाईलच असं नाही, काहींमध्ये बटण काही सेकंद दाबून धरून तो पुसावा लागतो. किती सेकंद ते त्याच तक्त्यात असतं.

लाल दिवा लागला तरी तो बघायला कुणीतरी फिरावंच लागतं. फेरी वाचत नाही, शिडी वाचते. तुमच्या टाइमरसारखी चूक असेल तर मात्र हे साइन गोंधळतात: रोज वीज जाते असं त्यांना वाटतं, २४ तासांचं चार्जिंग कधी पूर्ण होत नाही, आणि वर्षाची चाचणी पुढे ढकलली जात राहते. वायरिंग आधी.

---

इमारत_देखभाल

चौथ्या साइनला ९२ मिलीॲम्पिअर आले, म्हणजे पॅकच. नऊ पॅक मागवतोय. नवीन बसवल्यावर किती दिवसांनी दीड तासाची चाचणी घेऊ?

---

सेल_आणि_भार

पॅक सोडवलेल्या अवस्थेत येतो किंवा मधे प्लास्टिकची पट्टी असते, ती काढायला विसरू नका. ४८ तास अखंड चार्ज करा, मग एमसीबीने ९० मिनिटं. बराच काळ गोदामात पडून राहिलेला निकेल-कॅडमियम पहिल्या खेपेला पूर्ण क्षमता देत नाही. ७०-७५ मिनिटांत विझला तर परत करण्यापूर्वी २४ तास भरून पुन्हा एकदा घ्या, दोन-तीन फेऱ्यांत तो मोकळा होतो. तिसऱ्या खेपेलाही ९० गाठले नाहीत तर परत करा.

---

फेज_न्यूट्रल

आणि कॉरिडॉरचे पाच पॅक वायरिंगचं काम पूर्ण होऊन लाइन कायमची चालू झाल्यावरच बसवा. काम चालू असताना दिवसातून दहा वेळा एमसीबी वर-खाली होतो, लाइन रात्रभर बंद राहते, आणि नवा पॅक आठवडाभरात जुन्यासारखा वागू लागतो. तोवर ते खोक्यातच राहू द्या. आहेत ते जुने पॅक टाइमर बायपास ठेवून चालवा, म्हणजे निदान पहिली काही मिनिटं तरी मिळतील, आणि त्या कॉरिडॉरमध्ये काम होईपर्यंत बॅटरीवर चालणारे सुटे आपत्कालीन दिवे ठेवा.